इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट: शहर घडवतं की नुसती पाटी लावतं?

आडवाट
गेले काही महिने निरनिराळ्या शहरांचे विकास आराखडे वाचतोय. (हौस म्हणून. हो, असेही छंद असतात.) जवळजवळ प्रत्येकात एक पान 'इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट'चं असतं. चित्र ठरलेलं: काचेची इमारत, गच्चीवर झाडं, सायकलवर एक मुलगी आणि पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेले दोघं. इथे कोण काय शोधून काढणार, याबद्दल त्या पानावर अवाक्षर नसतं.

ज्यांच्या कानावर हे आलेलं नाही त्यांच्यासाठी: विद्यापीठ, संशोधन संस्था, मोठ्या कंपन्या, स्टार्टअप, त्यांना भांडवल देणारे लोक आणि राहती घरं, हे सगळं पायी फिरता येईल एवढ्याशा भागात, आणि तेही शहराच्या आत, असावं अशी ही कल्पना. शहराबाहेर कुंपण घालून वसवलेल्या सायन्स पार्कच्या नेमकी उलट. २०१४ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी ब्रूस कॅट्झ आणि जूली वॅग्नर यांनी यावर अहवाल लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द महापौरांच्या भाषणात जाऊन बसला.

माझं मत असं की हा भाग शहराला घडवता येत नाही. तो आपोआप होतो, आणि झाला की पालिका पाटी घेऊन येते. सरकारने मध्ये लुडबूड न करणं हेच यातलं धोरण. मत बदलायला तयार आहे. आणि घडवता येतो असं कुणाचं म्हणणं असेल तर पुढचा प्रश्न: शहराने पहिला पैसा कशावर खर्च करावा?

रुमाल
टाकून ठेवलाय.

किरकिऱ्या
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्यापुरता धागा संपला.

द्विदल
किरकिऱ्या, तुमचा धागा नेहमीच लवकर संपतो :)

आडवाट, 'आपोआप'ला माझी हरकत आहे. मी केंडल स्क्वेअरमधल्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं होते. बॉस्टनच्या नदीपलीकडे, केंब्रिजमध्ये, एमआयटीला लागून. आज तिथे जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या इतक्या दाट आहेत की नोकरी बदलली तरी मेट्रोचं स्टेशन तेच राहतं. पण त्या जागेचा इतिहास पाहिला तर आपोआप काहीच झालेलं नाही.

आधी तिथे साबण, मिठाई, रबरी नळ्या असले कारखाने होते. ते ओस पडायला लागले. १९६० च्या दशकात नासाचं इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र यावं म्हणून शहराने जुने उद्योग हटवून जमीन मोकळी करून दिली. केंद्र १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९७० मध्ये बंदही झालं! नासाने गाशा गुंडाळला आणि शहराच्या हातात मोकळ्या जमिनीचा मोठा तुकडा राहिला. त्यातला बराचसा भाग पुढे कित्येक वर्षं तसाच पडून होता. म्हणजे आडवाटांच्या चित्रातला पहिला प्रयोग तिथे सपशेल फसला होता.

आता पुढचं. १९७६ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीत डीएनए जोडण्याचे प्रयोग सुरू होणार म्हटल्यावर गावात घबराट. महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी शास्त्रज्ञांना भर सभेत उभं करून प्रश्न विचारले. काही महिने प्रयोगांना स्थगिती दिली. मग साध्या नागरिकांची एक समिती नेमली, शास्त्रज्ञ नसलेल्यांची. त्यांनी महिनोन्महिने बसून विषय समजून घेतला आणि १९७७ मध्ये केंब्रिजने या संशोधनासाठी नियम केले. अमेरिकेत असे नियम करणारं ते पहिलं शहर. आणि गंमत अशी, की जिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तिथेच कंपन्या आल्या. बायोजेन १९८२ मध्ये आली. कारण? इतर शहरांत उद्या काय बंदी येईल कुणालाच माहीत नव्हतं. इथे काय चालतं आणि काय चालत नाही ते कागदावर होतं.

आडवाट
हे माहीत नव्हतं. पण द्विदल, यातून माझाच मुद्दा नाही का सिद्ध होत? जमीन मोकळी करून दिली ते फसलं. आणि जे चाललं ते एमआयटी शेजारी होती म्हणून.

द्विदल
एमआयटी तर नासा आली तेव्हाही शेजारीच होती. विद्यापीठ लागतंच, पण नुसतं विद्यापीठ पुरतं असतं तर जगातल्या प्रत्येक चांगल्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेर केंडल स्क्वेअर दिसला असता. फाटकाबाहेर सहसा झेरॉक्सचं दुकान असतं.

रुमाल
झेरॉक्सचं दुकान :हसून हसून पुरेवाट:

गुंठामंत्री
सगळे शास्त्रज्ञांबद्दल बोलताहेत म्हणून मी जमिनीबद्दल बोलतो. नावाला जागायला हवं.

बार्सिलोना बघा. पोब्लेनोऊ नावाचा जुना गिरणभाग, एकेकाळी त्याला कातालोनियाचं मँचेस्टर म्हणायचे. गिरण्या गेल्या, गोदामं उरली. त्या जमिनीचा झोनिंगचा कोड होता २२ए, म्हणजे फक्त उद्योग. २००० मध्ये शहराने कोड बदलून २२@ केला (ते वाचतात 'बावीस आरोबा'). सुमारे २०० हेक्टर. धूर सोडणाऱ्या कारखान्यांऐवजी ज्ञानावर चालणारे उद्योग, आणि सोबत घरंही चालतील.

यातला व्यवहार समजून घ्या. मालकाला एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम चालेल तो आकडा) २ वरून ३ च्या आसपास वाढवून मिळाला. पण फुकट नाही. पुनर्विकास करायचा तर साधारण ३० टक्के जमीन शहराला द्यायची: बागा, परवडणारी घरं, संशोधन नि शिक्षणाच्या सोयी यांसाठी. रस्ते, गटारं, केबल यांच्या खर्चातही मालकांचा वाटा. शिवाय त्या औद्योगिक पट्ट्यात अनेक दशकं 'बेकायदा' ठरलेली चार हजारांहून जास्त घरं होती, त्यांना मान्यता मिळाली.

शहराने जवळजवळ काही विकत घेतलं नाही. नियम बदलला आणि त्या बदलामुळे जमिनीची जी किंमत वाढली त्यातला हिस्सा जागच्या जागी कापून घेतला. आडवाट, 'सरकारने मध्ये येऊ नये' म्हणता, पण जमिनीचा कोड सरकारनेच लिहिलेला असतो. ते आधीपासूनच मध्ये आहे हो.

आकडेमोड
गुंठामंत्र्यांशी चक्क सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

साशंक
बार्सिलोनाची दुसरी बाजूही येऊ दे. त्याच भागात कान रिकार्त नावाचं एकोणिसाव्या शतकातलं कारखान्याचं आवार होतं. रिकामं नव्हतं. छोटे वर्कशॉप, कारागीर, कलावंत तिथे काम करत होते. २००५-०६ मध्ये त्यांना बाहेर काढायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. आवाराला पुढे वारसा म्हणून संरक्षण मिळालं, पण वर्कशॉप तोवर गेले होते. भिंती वाचल्या, माणसं गेली.

आराखड्यात 'पडीक' असा शब्द दिसला की मी आधी विचारते, पडीक कुणाच्या दृष्टीने? लोखंड कापणारा, साचे बनवणारा, छपाईवाला, हे लोकही काहीतरी *बनवतच* असतात ना? त्यांना घालवायचं आणि नंतर त्याच जागी थ्रीडी प्रिंटर ठेवून 'मेकर स्पेस' (वस्तू बनवून पाहायची सामायिक जागा) उघडायची. कमाल आहे.

तिसरा मजला
साशंक, +१००.

मी अशा एका जागेत दोन वर्षं स्टार्टअप चालवलाय. शहर सांगत नाही, संस्था तर नाहीच नाही. मिळालं काय? रंगीत खुर्च्या, भिंतीवर प्रेरक वाक्यं, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी पाहुणे. ते आले की आम्ही लॅपटॉपवर मान खाली घालून गंभीर चेहरे करायचो. प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला काय वाटत असेल ते मला नेमकं ठाऊक आहे.

हवं काय होतं? आमचं काम सेन्सरचं. सोल्डरिंगचा धूर बाहेर काढणारा पंखा हवा होता. इमारतीच्या नियमात बसत नाही म्हणाले. रात्री अकरानंतर एसी बंद, म्हणजे चाचण्या बंद. महागडं मोजमाप-यंत्र तासाच्या भाड्याने मिळालं असतं तर आमचे सहा महिने वाचले असते. ते शेजारच्या विद्यापीठात होतं, पण बाहेरच्यांना द्यायचं कुठल्या फॉर्मवर, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि सगळ्यात जास्त हवं होतं ते पहिलं गिऱ्हाईक. उद्घाटनाला आलेल्या एकाही सरकारी खात्याने आमची एक वस्तू विकत घेऊन पाहिली नाही. टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या.

आम्ही शेवटी गॅरेजांच्या रांगेत एक गाळा घेतला. पंखा पहिल्याच दिवशी लावला.

पडवी
तिसरा मजला, तुमचा पंखा वाचून एमआयटीची बिल्डिंग २० आठवली. १९४३ मध्ये युद्धकाळात रडारच्या कामासाठी घाईघाईने उभारलेली लाकडी इमारत. युद्ध संपलं की पाडायची होती. पाडली १९९८ मध्ये! मधल्या ५५ वर्षांत तिथून काय काय बाहेर पडलं: रडारचं काम, आधुनिक भाषाशास्त्र (चॉम्स्की तिथेच बसायचे), ध्वनिशास्त्र. कारण असं सांगतात की त्या इमारतीचं कुणालाच काही वाटत नव्हतं. वायर टाकायचीय? भिंतीला भोक पाडा. यंत्र उंच आहे? वरची जमीन फोडा. परवानगी कोण मागतो!

सिंगापूरचंही तसंच. वन-नॉर्थ हा त्यांचा २००१ पासूनचा मोठा प्रकल्प, साधारण २०० हेक्टरचा. बायोपोलिस, फ्युजनोपोलिस अशा देखण्या इमारती. पण स्टार्टअपवाल्यांना विचारलं तर ते नाव घेतात 'ब्लॉक ७१'चं. जुनी गाळ्यांची औद्योगिक इमारत, पाडायच्या यादीत होती. २०११ मध्ये तिथे स्टार्टअपना जागा दिली आणि बघता बघता तीच अख्ख्या भागाची ओळख झाली.

किरकिऱ्या
म्हणजे धोरण असं: एक इमारत पाडायची असं जाहीर करा आणि विसरून जा. हे जमेल बऱ्याच पालिकांना.

पडवी
किरकिऱ्या, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

शुद्धमती
अवांतर: 'इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट'ला मराठीत काय म्हणायचं? 'नवोन्मेष क्षेत्र' सरकारी वाटतं. 'नवोपक्रम परिसर' त्याहून सरकारी.

रुमाल
कल्पनानगर.

द्विदल
'प्रयोगपेठ' कसं वाटतं? पेठ म्हटलं की दाटी आली, दुकानं आली, माणसांची ये-जा आली. 'क्षेत्र' म्हटलं की कुंपण दिसतं.

शुद्धमती
प्रयोगपेठ! घेतला. मी यापुढे हाच वापरणार.

गुंठामंत्री
पेठेत भाव चढा असतो. बरोबर शब्द आहे.

नियमातला
वकील आहे, त्यामुळे माफ करा, पण इमारतींवर इतकी चर्चा झाल्यावर हे सांगणं भाग आहे. कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच्या कायद्याने नोकरी सोडताना 'प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' हा करार सहसा लागू करता येत नाही. मॅसेच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, तो खुशाल लावता यायचा. तिथे त्यावर बंधनं आली ती २०१८ च्या कायद्याने. कॅलिफोर्नियात माणूस आज या कंपनीत, उद्या रस्त्यापलीकडच्या, परवा स्वतःच्या. डोक्यातलं ज्ञान असंच फिरतं. सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनचा रूट १२८ हा महामार्गालगतचा कंपन्यांचा पट्टा यांची तुलना करताना संशोधक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये हाच फरक दाखवला होता: एकीकडे माणसं नि माहिती कंपन्यांच्या भिंती ओलांडून वाहत होती, दुसरीकडे कंपन्या किल्ल्यासारख्या.

रस्त्यावर कितीही बाकडी ठेवा, बाकड्यावर बसलेल्याला बोलायचीच भीती असेल तर काय उपयोग?

आडवाट
नियमातला, हा मुद्दा फार आवडला. पण हे शहराच्या हातात नाही, राज्याच्या हातात आहे.

नियमातला
सगळं नाही. विद्यापीठातला शोध बाहेर काढायला किती महिने लागतात, प्राध्यापकाला आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या कंपनीला देता येतो का, हे त्या-त्या संस्थेच्या हातात असतं. शहराने संस्थेला जमीन देताना या अटी घालायला कुणी अडवलंय? तिसरा मजला यांचं मोजमाप-यंत्र याच अटीत बसलं असतं.

आकडेमोड
आता अर्थव्यवस्थेकडे येऊ या. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांचा अंदाज प्रसिद्ध आहे: एखाद्या शहरात उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी आली की कालांतराने तिच्या आधाराने स्थानिक सेवांमध्ये सुमारे पाच नोकऱ्या उभ्या राहतात. वकील, नर्स, न्हावी, सुतार, ड्रायव्हर. कारखान्यातल्या साध्या नोकरीचा गुणक याहून बराच कमी. म्हणून महापौरांना याची भुरळ पडते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

पण पैसे उभे करायची जी लाडकी पद्धत आहे तिच्यात गोम आहे. या भागात उद्या मालमत्ता कर वाढणार, त्या वाढीच्या भरवशावर आज कर्ज काढायचं आणि रस्ते, गटारं, उद्यानं करायची. वाढ झाली तर झकास. नाही झाली तर कर्ज तसंच राहतं आणि ते फेडतो शहराचा उरलेला भाग, ज्याला या पेठेशी काही देणंघेणं नाही. शिवाय झालेली वाढ खरंच नवी आहे की शेजारच्या वॉर्डातली ऑफिसं उठून इथे आली? दुसरं असेल तर शहराने स्वतःच्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवलं, आणि मधे व्याज भरलं.

साशंक
आणि ते पाच जण? नर्स, सुतार, ड्रायव्हर? भाडं वाढलं की ते राहणार कुठे? बॉस्टनच्याच सीपोर्टचं बघा. २०१० मध्ये महापौर मेनिनो यांनी बंदरालगतची हजार एकर जागा इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट म्हणून जाहीर केली. सुरुवात छान होती. छोटी घरं, सगळ्यांना खुलं बैठकघर, स्टार्टअपना स्वस्त जागा. काही वर्षांत मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं नि आलिशान फ्लॅट आले आणि ज्यांच्या नावाने भाग उभा राहिला त्यांनाच तिथलं भाडं झेपेना.

आकडेमोड
मान्य. म्हणूनच गुंठामंत्र्यांचे ३० टक्के आधीच काढून घ्यायचे. भाव चढल्यावर मागायला गेलात तर मालक कोर्टात जातो.

गुंठामंत्री
जाणारच. मीही गेलो असतो.

डचडोळा
उशिरा आलो. कुणी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं नाव कसं घेतलं नाही? मी तिथे अकरा वर्षं राहिलो.

अख्खं शहर एका कंपनीवर उभं होतं: फिलिप्स. दिव्यांपासून टीव्हीपर्यंत. १९९० च्या दशकात फिलिप्सने हजारो माणसं कमी केली, १९९३ मध्ये ट्रक बनवणाऱ्या डाफचं दिवाळं निघालं, इतकी वाईट अवस्था. वर फिलिप्सने मुख्यालय ॲमस्टरडॅमला हलवलं. असं झालं की बहुतेक शहरं एकतर रडतात, नाहीतर दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या पाया पडायला जातात. इथे पालिका, तंत्र-विद्यापीठ आणि उद्योग यांचे लोक नियमाने एकत्र बसायला लागले, आणि विचारायला लागले, कंपनी गेली पण इथे शिल्लक काय आहे? उत्तर होतं: अतिशय बारीक काम करणारे हात. काचेचं, यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक्सचं.

फिलिप्सने आपला बंद संशोधन-परिसर २००३ पासून इतर कंपन्यांना खुला केला, तो आजचा हाय टेक कॅम्पस. आत एक लांबलचक इमारत आहे, 'द स्ट्रिप'. जेवणघरं, बैठकीच्या खोल्या, सगळं तिथे एकत्र. म्हणजे दुपारी भूक लागली की प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी बसणं आलंच. आणि फिलिप्समधूनच १९८४ मध्ये फुटून निघालेली एक छोटी कंपनी, सुरुवात फिलिप्सच्या इमारतीशेजारच्या शेडमध्ये. तिचं नाव एएसएमएल. आज जगातल्या सगळ्यात प्रगत चिप बनवायच्या तर तिच्याच यंत्रांवर. जुन्या कारखान्यांचा स्ट्रैप-एस हा भाग आता राहायचा, कामाचा, कलावंतांचा आहे.

हे काही आपोआप नव्हतं, आडवाट. पण कुणी एका आराखड्यात लिहिलेलंही नव्हतं.

पडवी
'दुपारी भूक लागली की' यावरून: एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं होतं की दोन अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं, पन्नासेक मीटरनंतर जवळजवळ शून्यावर येतं. पन्नास मीटर! म्हणजे हजार एकराचा डिस्ट्रिक्ट जाहीर करण्यात काय अर्थ आहे? खरी गोष्ट एका गल्लीत घडते.

किरकिऱ्या
टोरोंटो राहिलं. २०१७ मध्ये गूगलच्या भावकीतली सायडवॉक लॅब्ज आली, किनाऱ्यावरच्या १२ एकरांत भविष्यातलं शहर बांधते म्हणाली. सेन्सर, लाकडी मनोरे, गरम होणारे फुटपाथ. पुढे आराखडा आला तर तो १२ एकरांवर थांबेना. लोकांनी विचारलं, आमची माहिती कुणाच्या मालकीची? २०२० च्या मे महिन्यात, महासाथीचं कारण देऊन, कंपनीने बिस्तरा गुंडाळला. 'इनोव्हेशन' भरपूर होतं. शहराला विचारायचं तेवढं राहून गेलं.

शुद्धमती
किरकिऱ्या आज सलग तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलले. संपादक, नोंद घ्या.

आडवाट
तीन दिवसांत भरपूर शिकायला मिळालं. 'आपोआप' हा शब्द मागे घेतो. पण एक अडचण आहे. एमआयटी, फिलिप्स, सिंगापूरचं सरकार ही सगळी सोन्याचा चमचा तोंडात असलेली उदाहरणं आहेत. ज्या शहराकडे नावाजलेलं विद्यापीठ नाही, मोठी कंपनी नाही, त्याने काय करायचं? पाटी तरी लावावी का?

आकडेमोड
चॅटनूगा. अमेरिकेच्या टेनेसीतलं मध्यम शहर. १९६९ मध्ये तिथली हवा देशात सगळ्यात घाणेरडी ठरली होती. त्यांच्याकडे होती फक्त शहराच्या मालकीची वीज कंपनी. वादळात वारंवार तारा तुटायच्या, दोष पटकन सापडावा म्हणून त्या कंपनीने सगळीकडे फायबर टाकली. केंद्र सरकारचं ११ कोटी डॉलरहून जास्त अनुदानही मिळालं. फायबर आहेच तर इंटरनेटही द्या, म्हणून २०१० मध्ये अख्ख्या सेवाक्षेत्रात एक गिगाबिटची जोडणी. घरोघरी! मोठमोठ्या शहरांत तेव्हा ती नव्हती. इनोव्हेशन डिस्ट्रिक्टची पाटी शहराच्या मध्यभागात २०१५ मध्ये लागली, तारा आधी. यात हुशारी अशी की पाटी फसली असती तरी वीज सुधारली होतीच.

डचडोळा
इंग्लंडमधलं शेफील्डही घ्या. पोलादाचं शहर, खाणी बंद. तिथल्या ओरग्रीव्हला १९८४ मध्ये खाणकामगार नि पोलीस यांची मोठी चकमक झाली होती. त्याच जुन्या कोळशाच्या जमिनीवर विद्यापीठाने बोइंगला सोबत घेऊन २००१ मध्ये प्रगत उत्पादनाचं संशोधन केंद्र सुरू केलं. विषय काय? धातू जास्त वेगाने आणि नेमका कसा कापायचा. म्हणजे गावाला जे आधीपासून येत होतं तेच, वरच्या पट्टीत. सदस्य कंपन्या वर्गणी देतात, यंत्रं सामायिक. पुढे २०१८ मध्ये बोइंगने शेफील्डमध्ये कारखानाच उघडला.

साशंक
ते शहराबाहेर आहे. आडवाटांच्या व्याख्येत बसत नाही.

डचडोळा
खरं आहे. व्याख्येत बसत नाही, पण शिकाऊ पोरांना काम मिळतं.

साशंक
हं. याला उत्तर नाही माझ्याकडे.

द्विदल
मुदतीचा मुद्दा राहतोय. उत्तर कॅरोलिनातलं रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ मध्ये सुरू झालं, तीन विद्यापीठांच्या मधोमध, ७,००० एकर. आयबीएमने यायचं ठरवलं १९६५ मध्ये. तोवर संस्थापकांना जवळपास रिकामी झाडी दाखवत फिरावं लागलं. केंडलला नासा गेल्यापासून नोव्हार्टिस या औषधकंपनीने आपलं संशोधन मुख्यालय आणायचं ठरवेपर्यंत (२००२, आणि तेही मिठाईच्या जुन्या कारखान्यात!) ३२ वर्षं गेली. निवडून आलेल्या माणसाकडे किती असतात? चार, पाच. सेंट लुईसमध्ये कॉर्टेक्स हा असाच भाग २००२ मध्ये सुरू झाला तो तीन विद्यापीठं, एक रुग्णालय-समूह आणि वनस्पती उद्यान अशा पाच संस्थांनी मिळून. महापौर बदलतो, वनस्पती उद्यान कुठे जात नाही. तिथलं रेल्वे स्टेशन झालं २०१८ मध्ये. सोळा वर्षांनी.

तिसरा मजला
आडवाट, तुमचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे: पहिला पैसा कशावर? माझं उत्तर, एका माणसाच्या पगारावर. त्याने वर्षभर फक्त दारं ठोठवायची. कुठल्या वर्कशॉपमध्ये काय बनतं, कुठल्या खात्यात काय अडतं, कुठलं यंत्र दिवसाचे वीस तास झाकून ठेवलेलं असतं. आमच्या इमारतीच्या नुसत्या लॉबीच्या दिव्यांत असे दहा पगार निघाले असते.

आडवाट
पटलं. माझं सुधारित उत्तर, चुकलं तर ठोका. पहिला पैसा त्या दारं ठोठावणाऱ्यावर. दुसरा, त्याने आणलेल्या यादीतली सामायिक यंत्रं आणि नळ, धूर, वीज यांची सोय असलेली एखादी पाडायला निघालेली इमारत. नियम द्विदल म्हणतात तसे कागदावर, आधी. वाढीव एफएसआयच्या बदल्यात काय द्यायचं ते त्याच ठरावात, साशंक यांच्या वर्कशॉपवाल्यांच्या गाळ्यांसकट. आणि शहराला स्वतःसाठी काही जमीन हवी असेल तर ती घोषणेच्या आधी, गुपचूप घ्यायची. पाटी सगळ्यात शेवटी, चॅटनूगासारखी.

शुद्धमती
पाटीवर 'प्रयोगपेठ' लिहिणार असाल तर अनुमोदन.

आकडेमोड
घोषणेआधी जमीन, हे कळीचं. चित्र छापलं की भाव दुप्पट.

गुंठामंत्री
बाकी सगळं ठीक आहे, पण ते 'गुपचूप' मला खटकलं. गुपचूप घेतली तर आम्हाला कळणार कसं?